चांगल्या डोळ्यावरची पट्टी

"पट्टी चांगल्या डोळ्यावर लावायची," मेघा म्हणाली. "उजव्या. विसरू नका हं काका."

"कोणत्या?" संघपालनं विचारलं.

दवाखान्यात प्रश्न विचारण्याची त्याला सवय नव्हती. अडुसष्ट वर्षांत डॉक्टर, बँकेतली माणसं, मुलाच्या शाळेतले मास्तर, सगळ्यांपुढे तो मान हलवत आला होता आणि न कळलेलं घरी येऊन पुस्तकांत शोधत आला होता. एकतीस वर्षं एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोंदी करण्यात गेली, तिथंही तो कपाटांच्या मागच्या बाजूलाच बसायचा. पण हा प्रश्न त्यानं विचारला नव्हता, तोंडातून निघून गेला होता. मेघाला त्यात काही वेगळं वाटलं नाही. ती डोळे तपासणारी मुलगी, पंचविशीची असेल नसेल, नंदनवन वस्तीतल्या गादीच्या दुकानाच्या वर तिचा हा छोटा दवाखाना. खुर्चीत बसलेल्या सहा वर्षांच्या करिष्माच्या, म्हणजे त्याच्या नातीच्या उजव्या डोळ्यावर तिनं ती कातडीच्या रंगाची पट्टी चिकटवली आणि अंगठ्यानं कडा दाबत म्हणाली, "चांगल्यावरच. तो बंद राहिला की कमजोर डोळ्याला काम करावं लागतं. डोळ्यात तसा बिघाड काही नाही, मेंदूनं त्याचं ऐकणं सोडलंय. पण घरी काही लोक उलट करतात. कमजोर डोळाच झाकतात, त्याला आराम मिळावा म्हणून." ती हसली. करिष्मा रडायच्या बेतात होती, तीही तिचं पाहून थोडी हसली. संघपालला मात्र खोलीत एकदम धूर झाल्यासारखं वाटलं. तेंदूच्या पानाचा, भिजवून ठेवलेल्या गोणपाटाचा, तंबाखूचा वास आला, आणि डाव्या डोळ्यावर कोणीतरी पदराचा बोळा करून त्यात ऊन फुंकर घालून तो ठेवावा तसं झालं. त्यानं आपोआप डावा डोळा मिटला. काही फरक पडला नाही. तो डोळा मिटला काय, उघडा राहिला काय, फरक कधीच पडला नव्हता.

घरी येताना करिष्मा त्याचं बोट धरून पायऱ्या मोजत होती आणि दर चौथी पायरी चुकत होती. तो मोजत होता वर्षं. चौसष्ट सालचा पावसाळा संपला होता, तो सात वर्षांचा होता. छप्पनच्या धम्मदीक्षेच्या पुढच्या वर्षी जन्मला म्हणून हे नाव; वस्तीत त्या वर्षीच्या मुलांची सगळी नावं अशीच नवी कोरी होती, म्हाताऱ्यांना ती नीट म्हणता यायची नाहीत. आई, जयवंता, त्याला घेऊन सरकारी दवाखान्यात गेली होती. तिनं बिड्या वळायच्या कामाचा दिवस बुडवला होता. डॉक्टर कंपाउंडरशी इंग्रजीत बोलला आणि कंपाउंडर तिच्याशी हिंदीत: रोज एक आँख बंद रखना, समझी? आई म्हणाली, हाव. कोणती ते तिनं विचारलं नाही. विचारायचं कशाला, एक डोळा दुखणाईत आहे हे तिला दिसतच होतं. त्यांच्या घरात औषध म्हणून एकच गोष्ट होती, आराम. आणि तीही सगळ्यांना मिळेल इतकी नव्हती. जो अगदी आडवा झाला त्याला मिळायची. आईनं जुन्या लुगड्याच्या काठाची पट्टी शिवली, दुहेरी, आत कापूस घालून, आणि त्याच्या डाव्या डोळ्यावर बांधली. "थकला बिचारा," ती म्हणायची, "झोपू दे त्याले." संध्याकाळी पट्टी सोडून थंड पाण्यानं डोळा पुसायची, पदर फुंकरून शेक द्यायची. पाच भावंडांत तेवढा वेळ तिनं कोणालाच दिला नव्हता. दीड वर्ष. पुढे आयुष्यात वाईट दिवस आले की तो त्या शेकाची आठवण काढून झोपी जायचा. बायको प्रेमलता गेली तेव्हाही. तिला हे त्यानं सांगितलं होतं. तीच एकटी रस्त्यानं नेहमी त्याच्या डाव्या हाताला चालायची, न सांगता, सायकली-रिक्षांच्या आणि त्याच्या मध्ये. आणि आता एका पोरीनं हसत हसत सांगितलं होतं की तो शेक म्हणजेच तो घाव होता. चांगला डोळा दीड वर्ष उघडा राहिला आणि ज्याला शिकायचं होतं त्याला लाडानं निजवून ठेवलं गेलं. उपचार झाले पण गुण आला नाही, असं तो साठ वर्षं समजत होता. गुण न येणं हा आपलाच दोष, तेही समजत होता. शाळेतले मास्तर म्हणायचे, मेश्रामचा एक डोळा आळशी आहे, आणि पोरं हसायची, आणि त्यालाही मनातून पटायचं, की आपल्यात काहीतरी आहे जे प्रयत्न करत नाही.

पुढचे तीन आठवडे तो करिष्माला घेऊन जात राहिला. प्रत्येक वेळी खिशात एक चिठ्ठी असायची. तिच्यावर माझा डोळा अजून शिकेल का, हा प्रश्न लिहिलेला, खोडून पुन्हा लिहिलेला. तोंडी विचारलं तर शब्द पुढेमागे होतील अशी भीती. करिष्मा लाल-हिरव्या काचांचा चष्मा घालून टॅबलेटवर मासे पकडायची, दोरीत ओवलेल्या तीन मण्यांकडे पाळीपाळीनं बघायची, आणि तो कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून कागदाची घडी चाचपायचा. चौथ्या वेळी त्यानं ती चिठ्ठीच मेघाच्या हातात दिली. तिनं वाचली, त्याच्याकडे पाहिलं, आणि नातीच्या खुर्चीवर आजोबाला बसवलं.

डाव्या डोळ्यानं समोरच्या अक्षरांच्या फळ्यावरचं सगळ्यात वरचं अक्षर दिसलं. खालची ओळ नाही. मग तिनं त्याच खालच्या ओळीतलं एकच अक्षर पांढऱ्या कार्डावर एकटं दाखवलं, आणि ते दिसलं. त्याला वाटलं, अंदाज असेल. तिनं दुसरं दाखवलं. तेही दिसलं. "एकटं असलं की दिसतं," मेघा म्हणाली, "ओळीत उभं केलं की शेजारची त्याला दाबतात. या डोळ्याचं असंच असतं काका." हे त्याला फार ओळखीचं वाटलं. ती पुढे म्हणाली, "खरं सांगते. लहान मुलांत होतं तसं तुमच्या वयात होत नाही. बहुतेक डॉक्टर म्हणतील, सोडून द्या. थोडाफार फरक पडल्याचं वाचलंय मी, पण वचन देणार नाही. आठ आठवडे बघू. रोज दोन तास, बसून. चालायचं नाही, गॅसजवळ जायचं नाही, जिना तर मुळीच नाही. कबूल?"

"मले हे करायचं आहे," तो म्हणाला. दवाखान्यात तो नेहमी पुस्तकी मराठी बोलायचा.

कारण त्याच्या मनात एक हिशेब तयार झाला होता, आणि तो कोणाला सांगण्यासारखा नव्हता. डोळा अजून शिकला, एक ओळ जरी खाली सरकला, तर त्याचा अर्थ असा की तेव्हा काही कायमचं गेलं नव्हतं. डोळा नुसता थांबला होता. मग आईनं काही घालवलं नाही. आणि शिकला नाही, तर घालवलं. इतकं सरळ.

मुलगा धम्मदीप कोराडीच्या वीज केंद्रात कामाला. संध्याकाळी बसमधून उतरून आला की बूट दाराबाहेर दोनदा आपटायचा, राख झाडायला. त्या दिवशी बूट आपटून आत आला तर बाप खुर्चीत उजव्या डोळ्यावर पट्टी लावून बसलेला, समोर पुस्तक उलटं.

"काहून बाबा, काय झालं डोळ्याले?"

"काही नाही. थेरपी करून राहिलो."

"चांगल्या डोळ्यावर?"

"चांगल्यावरच लावतात."

"तुमचा एकच तर डोळा आहे," धम्मदीप म्हणाला. तो रागावला नव्हता, थकला होता. "त्याले झाकून बसता. उद्या पडले-झडले म्हणजे? अडुसष्ट वर्षं चाललं ना काम? नोकरी झाली, इतकी पुस्तकं वाचली."

स्वयंपाकघरातून पिंकी, सून, म्हणाली, "पुस्तक उलटं आहे हे सांगा आधी त्यायले. मी अर्ध्या तासापासून पाहून राहिली, म्हटलं बोलावं का नाही."

तेव्हा त्यानं सांगितलं. दवाखाना, कंपाउंडर, लुगड्याचा काठ. इतकी सलग वाक्यं तो घरात किती दिवसांनी बोलत होता. धम्मदीप ऐकत राहिला, मग आजीच्या फोटोकडे बघून हळू आवाजात म्हणाला, "जाऊ द्या बाबा. आजी अडाणी होती. तिची काय चूक."

"अडाणी नव्हती ते," संघपाल म्हणाला. आवाज इतका मोठा निघाला की करिष्मानं टीव्हीचा आवाज कमी केला. "अक्षरं यायच्या आधी ते मापाच्या पत्र्याशिवाय बिडीचं पान कापे. एकसारखं. मालकाचा माणूस मोजपट्टी लावून पाहे. तिशीत विहारातल्या वर्गात जाऊन लिहायले शिकली. अडाणी म्हणू नको." मग त्याला वाटलं आपण फार बोललो. तो पुस्तक सुलटं करू लागला, आणि कोणती बाजू वर हे डाव्या डोळ्याला कळेना. पिंकीनं येऊन ते नीट करून हातात दिलं.

डाव्या डोळ्याचं जग काळोखाचं नव्हतं. हे त्याला वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी कळत होतं. रंग होते, पण धुतलेले. माणसं होती, कडा नसलेली. ओळीवर नजर ठेवली की वरची रेघ तेवढी सरळ राही आणि खालची अक्षरं एकमेकांच्या अंगावर रेलत. त्यांतलं एक पकडावं तोवर दुसरं त्याच्या जागी. तो पोस्टकार्डाला चौकोनी भोक पाडून ते ओळीवरून सरकवू लागला, म्हणजे एका वेळी एकच अक्षर. दोन तासांत साडेचार ओळी. आयुष्यभर ज्यानं हजारो पुस्तकं वाचली तो माणूस 'पाणी' या शब्दाशी घाम गाळत बसलेला. कपाळ दुखे, मळमळे. करिष्मा शेजारी आपली पट्टी लावून मासे पकडे आणि मध्येच वाकून बघे. "आबा, तुमचं अजून हेच पान?" "हो." "माझे एकशे दहा मासे झाले. तुमी लय स्लो आहा." खालच्या मजल्यावरचा कवडू, एसटीत ड्रायव्हर होता, दुपारी हटकून यायचा. "काय गा संघपाल, पहिलीचा पेपर झाला का?" म्हणून खुर्ची ओढून डाव्या बाजूलाच बसायचा, आणि मग, "मी कसा दिसून राहिलो सांग." "धुरकट." "माह्यी बायको तर म्हणते तसाच दिसतो मी." तो हसायचा, पण जाताना पायातली चटई, उंबऱ्यावरची बादली न बोलता बाजूला करून जायचा. सगळ्यांनी त्याला सांभाळायचं ठरवलं होतं. याचाच त्याला सगळ्यात जास्त राग यायचा, आणि तो राग त्याला बरा वाटायचा. आजवर त्याला कोणाचा असा स्वच्छ राग आला नव्हता.

पाचव्या आठवड्यात तो राग आईपर्यंत गेला. भिंतीवर तिचा फोटो होता, नातेवाइकांच्या लग्नात काढलेल्या समूहातून कापून मोठा केलेला. पट्टी लावलेली असताना त्यानं वर पाहिलं. एक फिकट गोल, त्याच्याभोवती काळं काहीतरी. डोळे नाहीत, नाक नाही. या डोळ्याला आई दिसत नाही, त्यानं स्वतःला सांगितलं, तिनंच तशी व्यवस्था केली. हे वाक्य मनात आलं आणि त्यानं लगेच माफी मागितली, आणि मग माफी मागितल्याचा राग आला. विचारायला काय झालं होतं तिला? कोणती आँख, इतकंच. दोन शब्द. आपल्याला कोणी बोलेल म्हणून ती विचारत नव्हती, आणि तो तिचाच मुलगा होता, कपाटांच्या मागे बसलेला. दोन दिवस त्यानं पट्टी लावली नाही. तिसऱ्या दिवशी पिंकी पोळ्या करत होती आणि एक कपडा तव्याला लागून जळला. त्या वासानं त्याला एक संध्याकाळ आठवली. ती तो विसरला नव्हता, पण आजवर चुकीची वाचत आला होता. दीड वर्षानं ते पुन्हा दवाखान्यात गेले होते. कंपाउंडर ओरडला होता. काय ओरडला ते कळलं नव्हतं, पण बाकावरची माणसं वळून आईकडे बघत होती हे आठवत होतं. परतीच्या वाटेवर तिनं बाजाराच्या तोंडाशी थांबून त्याला संत्र्याच्या फोडीच्या आकाराच्या दोन गोळ्या घेऊन दिल्या, घरी आली आणि पट्टी सोडून चुलीत टाकली. कापसानं भडका घेतला. तो तेव्हा आनंदानं उड्या मारत होता. त्याला वाटलं होतं, उपचार संपले.

तिला माहीत होतं. पुढची तेहेतीस वर्षं, मरेपर्यंत, तिला माहीत होतं. त्याच्या लग्नात, नोकरीच्या पहिल्या दिवशी, धम्मदीपला पहिल्यांदा मांडीवर घेतलं आणि त्याचे डोळे उघडून उघडून पाहिले तेव्हाही. संघपाल ओट्याजवळ उभा राहिला. पिंकी म्हणाली, "बाबा, सरका जरा, गरम आहे." तो सरकला, खोलीत गेला, आणि नवी पट्टी काढून चांगल्या डोळ्यावर लावली.

आठवा आठवडा. मेघानं दवाखान्याची खिडकी लावली, फळ्याचा दिवा लावला. करिष्माची तपासणी आधी झाली होती. ती तीन ओळी खाली उतरली होती आणि बाहेरच्या बाकावर बसून हे कोणालाही सांगत होती. मेघानं त्याच्या उजव्या डोळ्यासमोर काळ्या चमच्यासारखं झाकण दिलं, "हातात धरा काका. घट्ट."

वरचं अक्षर. दुसरी ओळ, तिच्यातली दोन. आधी दिसली नव्हती. की दिसली होती? तिसरी ओळ म्हणजे गर्दी. त्यानं हात जरा हलवला आणि झाकणाच्या कडेनं, नाकाजवळून, एक उभी फट मोकळी झाली. तिच्यातून तिसरी ओळ, चौथी, पाचवी, काळी कुळकुळीत, सुटी सुटी, सगळी दिसली. मेघा कागदावर काही लिहीत होती. तिचं लक्ष नव्हतं. आणि तिथंच, त्या फटीपाशी, त्याला ते आठवलं. पट्टी जाळल्यानंतर वर्षभर, कदाचित दोन वर्षं, आई कधीही येऊन त्याच्या डाव्या बाजूला उभी राहायची, उजवा डोळा तळहातानं झाकायला सांगायची आणि बोटं धरायची. किती? आणि तो तळहाताची बोटं किंचित फाकवायचा. तीन. आता? दोन. ती त्याच्या डोक्यावरून हात फिरवायची आणि पानं कापायला बसायची. ती चुकत नव्हती, तपासत होती. आणि तो तिला दर वेळी बरोबर उत्तर देत होता, कारण बरोबर उत्तर दिलं की तिच्या चेहऱ्यावरचं काहीतरी उतरायचं. आठ-नऊ वर्षांचा होता तेव्हा. तेव्हा अजून वेळ होता. त्यानं 'नाही दिसत' म्हटलं असतं तर ती पुन्हा गेली असती, त्या कंपाउंडरपुढे, त्या बाकासमोरून. गेली असती ती. त्याला याबद्दल यत्किंचित शंका नव्हती.

साठ वर्षांचा खटला त्याच्यासमोर असा पडला होता आणि त्यात आता आरोपी कोण तेच कळेना. तिनं डोळा झाकला त्याला बरं वाटावं म्हणून, त्यानं खोटं सांगितलं तिला बरं वाटावं म्हणून, आणि डोळा दोघांच्या मायेखाली पडून राहिला होता. तो कोणाच्या बाजूचा साक्षीदार नव्हता. शिकला तरी आई निर्दोष ठरणार नव्हती, नाही शिकला तरी गुन्हेगार नाही. त्याला एकदम हलकं वाटलं. मग भीती वाटली, कारण आता हे सगळं करायचं कशासाठी, याचं कारणच उरलं नव्हतं. फटीतून पाचवी ओळ अजून दिसत होती. वाचली असती तर मेघा खूश झाली असती. बाहेर धम्मदीपही आला होता, आज सुट्टी काढून. तोही.

त्यानं झाकण घट्ट दाबलं. फट गेली.

"तिसरी ओळ?" मेघानं विचारलं.

"दिसत नाही."

"एखादं अक्षर? अंदाजानं?"

"नाही. मले दिसत नाही," तो म्हणाला. दार उघडं होतं, बाहेर बोलणं थांबल्यासारखं वाटलं. त्यानं आवाज कमी केला नाही. "दुसऱ्या ओळीतले दोन दिसले. तिसरी काहीच नाही."

मेघानं पेन खाली ठेवलं. "दोन अक्षरं म्हणजे काका... एखाद्या दिवशी इतका फरक तसाही पडतो. मी याला सुधारणा म्हणून लिहू शकणार नाही." तिला वाईट वाटत होतं, ते लपवता येत नव्हतं. "तुम्ही खूप मेहनत घेतली. आता थांबलं तरी चालेल. कोणी तुम्हाला काही म्हणणार नाही."

धम्मदीप दारात आला होता. "चला बाबा," तो मायेनं म्हणाला. "झालं ना आता. आराम करू द्या त्याले."

संघपालनं झाकण खाली घेतलं. दोन्ही डोळ्यांनी मुलाकडे पाहिलं, म्हणजे जसं तो नेहमी पाहायचा तसं, एकानंच. मग मेघाच्या टेबलावरची पट्ट्यांची डबी उघडून एक काढली, तिच्या पाठचा कागद सोलला, आणि ती उजव्या डोळ्यावर चिकटवून कडा अंगठ्यानं दाबल्या, एकेक, नीट. मुलगा धूसर झाला, मेघा धूसर झाली, फळ्यावरचा दिवा पसरला.

"जसं आहे तसंच लिहा," तो म्हणाला. "फरक नाही म्हणून लिहा. आणि पुढची तारीख द्या."

"बाबा, कशासाठी पण?"

"डोळा माहा आहे म्हणून," संघपाल म्हणाला, आणि खुर्चीवरून उठला नाही.